डावीकडचा उजेड

"किती जहाजं बुडवलीस?" अण्णांनी विचारलं.

मी प्रुफांवरून मान वर केली नाही. "बेचाळीस."

"आणि माणसं?"

"ती नाही मोजली, अण्णा."

"माझ्या होड्या सतराच," ते म्हणाले. "पण माणसं पाठ आहेत." मग चष्मा धोतराच्या टोकाला पुसत स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "श्रावण लागायला तीन दिवस आहेत. तोवर सुकट खाऊन घे. नंतर तुझं तू बघ."

त्या दुपारी आमच्यात जे बोलणं झालं ते जवळजवळ सगळं मला आठवतं. विशेष असं त्यात काहीच नव्हतं. सुकटीत कोकम जास्त पडलंय का, पुण्याला माझ्या खोलीत ओल येते का, गुंडू पेंटर अजून विड्या ओढतो का. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

आमचं गाव निवतळे बंदर. अण्णा तिथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळ्या बंदराला ते मास्तर. निवृत्त होऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. आई जाऊन नऊ. मी त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात कलेचा इतिहास शिकवत होते आणि समुद्रावरच्या संकटांच्या चित्रांवर माझं पुस्तक छापायला गेलं होतं. युरोपातल्या चित्रकारांनी तीनशे वर्षं जहाजं कशी बुडवली, ढगाला नेमकी कुठे फट पाडली, त्या फटीतून उतरलेला उजेडाचा पट्टा जहाजाच्या कुठल्या भागावर टाकला आणि कुठला अंधारात ठेवला, हे त्या पुस्तकाचं सार. चार दिवस अण्णांकडे राहून प्रुफं संपवायची, असं ठरवून मी आले होते.

अण्णांचीही चित्रं समुद्रावरच्या संकटांचीच. पण ती छापण्यासाठी नव्हती.

आमच्या बंदरात समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही आणि त्याचं शरीरही मिळालं नाही, तर घरात रोज त्याचं ताट वाढतात. तो बसायचा त्या जागी पाट मांडायचा, भात वाढायचा, थोड्या वेळाने ते ताट उचलून कावळ्यांना घालायचं. हे किती दिवस करायचं याला पूर्वी धरबंध नव्हता. काही घरांत म्हातारी मरेपर्यंत वाढत. मी पाच वर्षांची असताना शेजारच्या बायजाकाकीचा नवरा असाच गेला. त्याचा एक फोटोदेखील घरात नव्हता. दीड वर्ष ताट वाढून बायजाकाकी अण्णांकडे आली आणि म्हणाली, "मास्तरांनू, कायतरी करा. माका थांबूक व्हया."

अण्णांनी तिला चित्र काढून दिलं. वादळातली तिच्या नवऱ्याची होडी. रंग, नाव, नंबर सगळं बरोबर. ते माजघराच्या भिंतीवर लागलं, त्या दिवशी बायजाकाकीने शेवटचं ताट वाढलं. तेव्हापासून बंदरात तशीच रीत पडली. चित्र लागलं की ताट थांबतं. अर्धवट चित्र मात्र लावायचं नाही.

त्या दुपारी अण्णा सुमती तोरसकरच्या चित्रावर काम करत होते. तिचा नवरा न्हानू आदल्या वर्षी आश्विनात 'सातेरीप्रसाद' घेऊन गेला आणि अचानक उठलेल्या वाऱ्यात होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत आले. न्हानू आला नाही.

जेवणं झाल्यावर अण्णांनी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्याचा आवाज आला. मग ते दारात येऊन उभे राहिले.

"रेवती, जरा येतेस? कंदील धरायचाय. दहा मिनिटं."

माझ्यासमोर सहाव्या प्रकरणाची शेवटची पानं होती. ती संध्याकाळच्या कुरियरने जायची होती.

"खिळ्याला अडकवा ना, अण्णा," मी म्हटलं. "आहे की तिथे खिळा."

त्यांनी मागे वळून खिळ्याकडे पाहिलं. "हो, आहे," म्हणाले. "बरं. उद्या करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले होते. त्यांना तीनदा हाक मारली. चहावर साय धरेपर्यंत मी तिथेच बसून होते.

*

तेरावं झालं. चुलतभाऊ, आत्या, सगळे पांगले. मी रजा वाढवून घेतली. दुसऱ्या दिवशी सुमती आली आणि पायरीवरच बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"तुजा दुख ताजा आसा, माका कळता," ती म्हणाली. "माजा सांगूक मी येवक नको होता. पण बाय, नारळी पुनव चार दिवसांर इली. ताट वाढूचा केदना बंद करू, इतक्याच सांग."



"माजो धाकटो दीर ह्या पुनवेक होडी काढतलो," ती म्हणाली. "भावाचा ताट समोर वाढलेला बघून तेचो पाय उंबऱ्याभायर पडना नाय. रोज बसता जेवूक, आणि तसोच उठता."

ती गेल्यावर मी पहिल्यांदा अण्णांच्या खोलीत शिरले.

अण्णांची काम करायची एक पद्धत होती. टेबलावर ते जुनं धोतर ओलं करून चुरगळून पसरायचे. चिमटे काढून, दाबून, उचलून त्याच्या लाटा करायच्या. त्यात पांगाऱ्याच्या लाकडाची वीतभर होडी ठेवायची. खिडक्या बंद करायच्या, आणि कोणीतरी डाव्या बाजूला उभं राहून कंदील धरायचा. मग सावल्या कुठे पडतात ते बघून रंगवायचं. आकाश, पाणी, होडी सगळं आधी पूर्ण करायचे. उजेड सगळ्यात शेवटी.

धोतर वाळून कडक झालं होतं, पण लाटा तशाच होत्या. होडी एका बाजूला कललेली. मागे चित्र टेकवायच्या लाकडी घोड्यावर सुमतीचं चित्र. काळंनिळं आकाश, काळंनिळं पाणी, आणि मधे 'सातेरीप्रसाद', जिचा रंग अंधारात नुसता ओळखू यावा इतकाच. चित्रात उजेडाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

कंदील जमिनीवर होता. काच राखेने घासून लख्ख केलेली, वात सरळ कापलेली, तेल काठोकाठ. पेटवलेला नव्हता. खिळा भिंतीत होता तिथेच होता, रिकामा.

मी खाली बसले. 

मला आठवत होती ती वीस वर्षांपूर्वीची सुट्टी. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला नुकतंच सगळं कळायला लागलं होतं. मुंबईहून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले होते. ते त्यांच्यासमोर उघडून मी एकेक पान दाखवलं. हे बघा, डोलकाठी मोडलीय, माणसं तराफ्यावर चढतायत, एकाचा हात वर. हे बघा, ढग फाटलाय, उजेड वरून येतोय, म्हणून लाटेचा माथा पांढरा आणि पोट काळं. नाट्य यातून येतं, अण्णा. मग मी त्यांच्या चित्राकडे वळले.

"तुमच्याकडे माणसंच नाहीत."

"नाट्य त्या घरात होऊन गेलेलं असतं," ते म्हणाले होते. "परत भिंतीवर कशाला?"

"बरं, ते सोडा. पण उजेड तर चुकीचाच आहे. आकाश पूर्ण काळं, चंद्र नाही, वीज नाही. आणि होडीवर डावीकडून उजेड! हा येतो कुठून? समुद्रात डावीकडे उभं कोण आहे?"

त्यांनी चित्राकडे नीट पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचं होतं.

"तसं म्हटलं तर कोणी नाही," ते म्हणाले. "चुकीचा असेल."

त्यानंतरही त्यांनी सगळ्या चित्रांत उजेड तसाच, डावीकडून दिला. मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांनीही नाही. प्रत्येक वेळी घरी आले की वाटायचं, बोलावं. काय बोलावं ते सुचायचं नाही, किंवा सुचायचं आणि जेवायची वेळ झालेली असायची.

*

मी चित्रांविषयी लिहू शकते. मला रेषही सरळ ओढता येत नाही. म्हणून मी गुंडू पेंटरकडे गेले.

गुंडू गिरकर अण्णांचा विद्यार्थी, पण वयाने फार लहान नव्हे. चाळीस वर्षं बंदरातल्या होड्यांवर नावं आणि नंबर घालत होता. तो येऊन चित्रासमोर उभा राहिला, विडी कानावरून काढली, खोली कोणाची ते आठवून परत कानावर ठेवली.

"माजो हात नंबर घालणारो, बाय."

"दुसरं कोण आहे?"

"ताय खरा." त्याने मान तिरकी केली. "पांढरो लावीन मी. पिवळो लावीन. पण खंय लावूचो ता तू सांग. मास्तर जसो देय तसोच उजेड व्हयो. न्हायतर सुमती म्हणतली, ह्या चित्र मास्तराचा नाय, आणि ताट काय थांबाचा नाय."

"मग जुनी चित्रं बघू या," मी म्हटलं. "मी टिपून घेते."

या कामाची मला सवय होती. वही, पेन्सिल, फूटपट्टी. पावसाने जरा उघडीप दिली तसे आम्ही निघालो. आधी बायजाकाकीचं घर.

ती नव्वदीला टेकली होती. चित्राखाली खाटेवर पडून होती. मी तिच्या डोक्याशी उभी राहून चित्र बघू लागले. लहानपणी शंभरदा पाहिलेलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. उजेड इतका खालून येत होता की होडीच्या काठाची फक्त बाहेरची कड उजळली होती, आणि डोलकाठीची सावली पाण्यावर लांबच लांब, चित्राच्या चौकटीपर्यंत गेली होती. जसा काही कोणी पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून दिवा धरलाय. मी वहीत लिहिलं, "१९७६. फार खालून."

दुसरं घर धुरींचं. १९७९. उजेड जरा वर आलेला. काठाच्या आतली एक फळी दिसत होती. तिसरं खवणेकरांचं, १९८३. आता होडीत पडलेलं दोरखंड दिसत होतं. सावली निम्म्याने आखूड. चौथ्या घरात, १९८७ च्या चित्रात, उजेड चांगला वरून होता. होडीचा अर्धा तळ उजळला होता.

त्यापुढची तीन चित्रं मी एकाच वाडीत पाहिली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत काढलेली. तिन्हींत उजेड बरोबर त्याच उंचीवर. १९८७ मध्ये होता तिथेच, बोटभरही इकडेतिकडे नाही.

वाटेवर किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या एका पडावाच्या, मोठ्या होडीच्या, आडोशाला आम्ही थांबलो. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. मी वही उघडून गुंडूला दाखवली.

"गंमत आहे," मी म्हटलं. माझा वर्गातला आवाज लागला होता, ते माझं मलाच ऐकू आलं. "आधी उजेड खाली आहे. मग दर चित्रात वर चढत जातो. आणि सत्त्याऐंशीनंतर एकदम स्थिर. कोणाचा तरी प्रभाव असणार. त्या काळात त्यांनी काय पाहिलं होतं, कुठली पुस्तकं..."

 गुंडू हसला. हसताना त्याला ठसका लागला.

"अगो, कसलो प्रभाव?" तो म्हणाला. "तू वाढत होतंस."

मी वही मिटली नाही. तिच्यावर पावसाचे थेंब पडत होते.

"कंदील कोण धरी? तूच मा? पयल्या चित्राक तू इतकुशी." त्याने कमरेशी हात धरला. "मी थयच होतंय, रंग घोटूक. बायजाकाकीन सांगल्यान, मास्तरांनू, चेडवाक उभ्या ऱ्हवाक पाट तरी दिया, तेचो हात भरान इलो. मास्तर म्हणालो, नको. ती आसा तितक्याच उंचीवर उजेड ऱ्हवांदे."

मला तो हात आठवला. दुखायला लागला की मी कंदील दुसऱ्या हातात घ्यायची आणि सगळ्या लाटा गदगदा हलायच्या. अण्णा चित्रावरची नजर न काढता म्हणायचे, "रेवती, समुद्र हलतो. उजेड हलत नाही." मग मी श्वाससुद्धा धरून ठेवायची.

"आणि सत्त्याऐंशीनंतर?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये मी मुंबईला कॉलेजात गेले.

"तू गेलंस आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरान माका बोलवल्यान. म्हणालो, गुंडू, भितीक खिळो मारूचो आसा. मी म्हटलंय, खंय मारू? तर दाराच्या चौकटीर तुजी उंची लिवलेली होती ना, दर वाढदिवसाची, शिसपेन्सलीन? ती वरची खूण बघल्यान, तेच्यावर आपलो हात धरल्यान असो, कंदील धरतत तसो, आणि म्हणालो, हय मार." गुंडूने कानावरची विडी काढून हातात धरली, ओढली नाही. "मी म्हटलंय, मास्तरांनू, जरा खाली मारू, तुमच्या हाताक येतलो. नको म्हणालो. रोज टाचो वर करून अडकवी तो कंदील."

पाऊस पडावाच्या पाठीवर वाजत होता. समोर बंदरात ओढून ठेवलेल्या होड्यांना नवे रंग दिलेले होते. पुनवेला त्या पाण्यात जायच्या होत्या.

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी," मी म्हटलं.

"तू कधी इचारलंस?"

मी विचारलं होतं. डावीकडे उभं कोण आहे, असं विचारलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडू ब्रश घेऊन आला. मी धोतर परत ओलं केलं होतं, पण लाटा मोडू दिल्या नव्हत्या. वरूनच हाताने पाणी शिंपडत गेले होते. होडी हलवली नव्हती. सुमती आली आणि या खेपेला आत येऊन दाराशी बसली. तिच्या पदराखाली झाकलेलं ताट होतं. त्या दिवशीचं वाढून, उचलून ती तशीच इकडे आली होती.

"बघूक चलात मा?" तिने विचारलं.

"बस," मी म्हटलं.

मी खिडक्या लावल्या. खोलीत काळोख झाला, आणि टर्पेंटाइनचा वास एकदम वाढल्यासारखा वाटला. गुंडूने आगकाडी ओढली. वात लगेच धरली. अण्णांनी ती इतकी सरळ कापली होती की ज्योत जराही काळवंडली नाही. काच बसवून गुंडूने कंदील उचलला आणि टाचा वर करून खिळ्याकडे हात नेला.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. कंदिलाची कडी खिळ्यापासून दोन बोटांवर होती. माझी सावली मागच्या भिंतीवर, चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणांवर पडली होती. त्यांतली सगळ्यांत वरची खूण अजून माझ्याच उंचीची होती.

मी पुढे झाले. गुंडूच्या हातातून कंदील घेतला. इतकी वर्षं कंदील हातात धरला नव्हता, तरी त्याचं वजन हाताला ओळखीचं वाटलं. टेबलाच्या डाव्या बाजूला, माझ्या जागी जाऊन उभी राहिले आणि हात वर केला. धोतराच्या लाटा उजळल्या. होडीचा काठ उजळला. मग आतली फळी, मग दोरखंडाची जागा.

गुंडू खुर्चीत बसला. ती अण्णांची खुर्ची. आम्हा दोघांमध्ये ती लहानशी होडी होती आणि दाराशी सुमती मांडीवर ताट घेऊन बघत होती.  माझा आवाज साधाच निघाला, जेवायला हाक मारावी तसा.

"खिळ्याला नको, अण्णा," मी म्हटलं. "आले मी. मी धरते."